उत्तर ठाऊक नसताना उत्तरपत्रिका तपासणे

एक छोटी आज्ञावली घ्या. तिला पुरवायची माहिती तीच, संगणकही तोच. फरक एवढाच, की पहिल्या वेळी कंपायलरला 'सरळ भाषांतर कर' असे सांगितले आणि दुसऱ्या वेळी 'आज्ञावली जलद चालेल असे भाषांतर कर' असे सांगितले. पहिल्या वेळी उत्तर ० आले, दुसऱ्या वेळी १. चूक कोणाची?

संगणकावर गणिते करणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. अशा वेळी जाणकार मंडळी नवशिक्याला एकच सल्ला देतात: कंपायलरला दोष देण्याआधी आपली आज्ञावली पुन्हा एकदा नीट वाचून पाहा. मीही माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो आहे, आणि बहुतेक वेळा दोष आज्ञावलीतच सापडतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. मग उरलेल्या वेळी कंपायलरच चुकला, हे सिद्ध कसे करायचे?

या प्रश्नाला भिडणारा एक शोधनिबंध अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या शुएजुन यांग, यांग चेन, एरिक आइड आणि जॉन रेगेर या चौघांनी २०११ साली प्रसिद्ध केला. सी भाषेच्या कंपायलरमधील दोष शोधणे आणि समजून घेणे हा त्याचा विषय. त्यांनी तयार केलेले 'सीस्मिथ' हे साधन पुढे अनेकांनी वापरले. या निबंधाची स्तुती करताना 'सव्वातीनशेहून अधिक दोष सापडले' हा आकडा हटकून सांगितला जातो. माझ्या मते निबंधाचे मोठेपण त्या आकड्यात नाही. प्रश्न निर्दोष काढण्यासाठी घेतलेल्या कष्टांत ते आहे. आणि त्याची खरी मर्यादा आहे ती बहुमतावर टाकलेल्या विश्वासात. शिक्षकांना या दोन्ही गोष्टी ओळखीच्या वाटतील, म्हणून हे परीक्षण येथे मांडत आहे.

कंपायलरची काटकसर

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेत तयार केली. माणसाने सी भाषेत लिहिलेल्या आज्ञा संगणकाच्या प्रक्रियकाला थेट कळत नाहीत. त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. त्याच्या कामाचे ढोबळमानाने तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात तो आज्ञावली वाचून तिचे व्याकरण तपासतो. मधल्या टप्प्यात तो तिच्यात सुधारणा करतो. शेवटच्या टप्प्यात विशिष्ट प्रक्रियकाच्या यंत्रभाषेत ती उतरवतो.

मधल्या टप्प्यातील सुधारणांना ऑप्टिमायझेशन म्हणतात. ही एक प्रकारची काटकसर आहे. समजा, एखादे आवर्तन हजार वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत त्याच दोन संख्यांचा गुणाकार होतो. कंपायलर तो गुणाकार आवर्तनाच्या बाहेर काढून एकदाच करतो. दहा कप चहा करायचा असेल तर आपण दहा वेळा पातेले चढवत नाही, तसेच हे. एखादे उत्तर काढले पण पुढे कुठेच वापरले नाही, तर कंपायलर ते गणितच गाळून टाकतो. दोन्ही संख्या आधीच माहीत असतील, तर त्यांची बेरीज भाषांतराच्या वेळीच करून ठेवतो.

अशा प्रत्येक काटकसरीच्या मागे एक विधान गृहीत असते: 'हा बदल केला तरी आज्ञावलीचे उत्तर बदलणार नाही.' हे विधान काही अटींवर खरे असते. वरच्या उदाहरणात गुणायच्या संख्यांपैकी एक जरी फेरीगणिक बदलत असेल, तर गुणाकार बाहेर काढता येणार नाही. कंपायलर लिहिणाऱ्याच्या हातून अशी एखादी अट पाहायची राहिली, की आज्ञावली बरोबर असूनही उत्तर चुकते. आणि ते गाजावाजा न करता चुकते. कंपायलर मध्येच बंद पडला तर निदान कळते तरी. येथे मात्र भाषांतर सुरळीत होते, आज्ञावली चालते, आकडा छापला जातो, आणि तो खोटा असतो.

ताळा घ्यायचा कसा?

कंपायलर तपासायचा तर त्याला अवघड आज्ञावल्या द्यायला हव्यात. पण अवघड आज्ञावलीचे बरोबर उत्तर आपल्याला आधी कोठे ठाऊक असते? हाताने सोडवता येईल इतकी सोपी आज्ञावली दिली, तर कंपायलरचा कस लागत नाही. कस लागेल इतकी मोठी दिली, तर उत्तर हाताने काढता येत नाही. परीक्षकाजवळ आदर्श उत्तरपत्रिकाच नाही अशी ही परीक्षा आहे.

यावर तोड विल्यम मॅकीमन यांनी १९९८ साली मांडली. एकच आज्ञावली अनेक कंपायलरांना द्यावी आणि उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावीत. उत्तर ठाऊक नसले तरी चालेल. दोन उत्तरे वेगळी आली, तर दोहोंपैकी निदान एक चूक आहे एवढे निश्चित.

युटाच्या चौघांनी हीच पद्धत घेतली. सीस्मिथ हे साधन यदृच्छेने, म्हणजे जणू फासे टाकत, सी भाषेतील आज्ञावल्या रचते. त्या वाचायला अर्थशून्य असतात, पण व्याकरणशुद्ध असतात. आज्ञावली संपताना तिच्यातील सर्व सार्वत्रिक चलांच्या किमती एकत्र करून एकच संख्या छापली जाते. हा तिचा ताळा. तीच आज्ञावली वेगवेगळ्या कंपायलरांकडून, आणि एकाच कंपायलरकडून काटकसरीच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर, भाषांतरित करून घेतात आणि ताळे जुळतात का ते पाहतात.

तीन वर्षांच्या अवधीत या पद्धतीने ३२५हून अधिक, आधी कोणालाही माहीत नसलेले दोष त्यांनी कंपायलरकर्त्यांना कळवले. तपासलेला प्रत्येक कंपायलर नियमांत बसणाऱ्या आज्ञावलीवर कधी ना कधी बंद पडला आणि कधी ना कधी त्याने गुपचूप चुकीचे भाषांतर केले. त्यांतील ७९ दोष जीसीसी या प्रसिद्ध मुक्त कंपायलरचे होते, तर २०२ एलएलव्हीएम या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे. जीसीसीच्या ७९ दोषांचे टप्प्यांनुसार वर्गीकरण पाहण्यासारखे आहे: पहिल्या टप्प्यात एकही नाही, मधल्या टप्प्यात ४९, शेवटच्या टप्प्यात १७, आणि १३ अवर्गीकृत. म्हणजे सर्वांत मोठा वाटा काटकसरीच्या टप्प्याचा.

निबंधातील एक उदाहरण शाळेतही समजावता येईल इतके लहान आहे. उबुंटू ८.०४.१ या लिनक्ससोबत आलेल्या जीसीसीला असे विचारले: क्ष हा आठ बिटांचा चिन्हयुक्त चल आहे, त्याची किंमत १. य हा आठ बिटांचा चिन्हरहित चल आहे, त्याची किंमत २५५. क्ष हा य पेक्षा मोठा आहे काय? सी भाषेच्या नियमानुसार तुलनेआधी दोन्ही चल मोठ्या पूर्णांकात बदलायचे, म्हणजे प्रश्न उरतो '१ मोठा की २५५?' उत्तर 'नाही', अर्थात ०. त्या कंपायलरच्या भाषांतरातून मात्र १ मिळत होते. असे उत्तर कसे येऊ शकते ते पाहा. २५५ची द्विमान मांडणी म्हणजे सलग आठ एक. तीच मांडणी चिन्हयुक्त मानून वाचली, तर तिचा अर्थ उणे १ होतो. आणि १ हा उणे १ पेक्षा मोठाच आहे. हा दोष काटकसर बंद ठेवली तरी दिसत होता. मूळ जीसीसीत तो नव्हता. वितरणासाठी अनेक फेरफार केलेल्या त्या प्रतीतच होता. दुरुस्ती म्हणून केलेले बदलही तपासावे लागतात, हा यातला धडा.

प्रश्न निर्दोष असला पाहिजे

आता निबंधाच्या ज्या भागाला मी सर्वाधिक गुण देईन, त्याकडे वळू.

६ ÷ २(१+२) हे गणित काही गणकयंत्रांवर ९ येते, काहींवर १. येथे कोणतेही यंत्र बिघडलेले नाही. प्रश्नच संदिग्ध आहे. असा प्रश्न परीक्षेत घालून मुलाचे गुण कापले, तर तो अन्याय होईल. दोन उत्तरे वेगळी आली म्हणून कोणाला चूक ठरवण्याआधी, प्रश्नाला एकच उत्तर आहे याची खात्री परीक्षकाने करायला हवी.

सी भाषेत असे संदिग्ध प्रश्न पुष्कळ आहेत. तिच्या १९९९च्या प्रमाणकात १९१ प्रकारचे वर्तन 'अव्याख्यात' म्हणून नोंदले आहे. म्हणजे आज्ञावलीत असे काही घडले, तर कंपायलरवर कोणतेच बंधन उरत नाही. त्याखेरीज ५२ प्रकारच्या प्रसंगी एकाहून अधिक अर्थ चालतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे कंपायलरवर सोडलेले आहे.

प्रारंभी दिलेले कोडे याच जातीचे होते. ती आज्ञावली विचारत होती: 'क्ष + १ हा क्ष पेक्षा मोठा आहे काय?' क्ष हा ३२ बिटांचा चिन्हयुक्त पूर्णांक, आणि त्याची किंमत २१४७४८३६४७, म्हणजे त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या. सरळ भाषांतरात प्रक्रियक १ मिळवतो, बेरीज मावत नाही, आणि जुन्या मोटारीचा अंतरमापक उलटावा तशी ती सर्वांत लहान ऋण संख्येवर जाते. म्हणून उत्तर ०. काटकसर करणारा कंपायलर वेगळा विचार करतो: चिन्हयुक्त पूर्णांक मावेनासा होणे हे अव्याख्यात वर्तन आहे, तसे होणार नाही असे मी धरू शकतो, मग क्ष + १ नेहमीच मोठा. म्हणून उत्तर १. नियमांनुसार दोन्ही चालतात. चूक आज्ञावली लिहिणाऱ्याची, कारण त्याचा प्रश्नच संदिग्ध होता. हाच प्रश्न चिन्हरहित पूर्णांकाबद्दल विचारला, तर मात्र सी भाषेत उत्तर निश्चित आहे: ४२९४९६७२९५ मध्ये १ मिळवल्यावर ० येतो, म्हणून विधान खोटे. तेथे १ देणारा कंपायलर नक्की दोषी.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २००९ साली लिनक्सच्या गाभ्यात सुरक्षेची एक फट याच कारणाने उघडी पडली. एका ठिकाणी स्मृतीचा पत्ता आधी वापरला होता आणि तो रिकामा तर नाही ना, ही तपासणी त्यानंतर लिहिली होती. कंपायलरने तर्क केला की पत्ता वापरला आहे, त्या अर्थी तो रिकामा असणार नाही, तेव्हा तपासणी निरर्थक आहे. त्याने ती गाळून टाकली. नियमांच्या चौकटीत कंपायलर चुकला नव्हता, पण परिणाम गंभीर होता.

सीस्मिथच्या रचनेतला मोठा भाग असे संदिग्ध प्रश्न टाळण्यासाठी खर्च झाला आहे. यदृच्छेने आज्ञावली रचणे त्या मानाने सोपे आहे. यदृच्छेने रचलेली, तरीही प्रमाणकानुसार एकच अर्थ असलेली आज्ञावली रचणे अवघड. त्यासाठी हे साधन रचना करता करताच पत्त्यांचा माग ठेवते, आणि प्रत्येक अंकगणिती क्रियेभोवती एक संरक्षक कवच घालते. बेरीज मावणार नसेल किंवा भाजक शून्य असेल, तर ते कवच ती क्रिया होऊच देत नाही. या दक्षतेशिवाय कंपायलरकर्त्यांनी तक्रारी रास्तपणे परत पाठवल्या असत्या. मुलाचे उत्तर चूक ठरवण्याआधी स्वतःचा प्रश्न तपासणारा परीक्षक जितका विश्वासार्ह, तितकाच हा निबंध या भागात विश्वासार्ह आहे.

बहुमत म्हणजे सत्य नव्हे

आता मर्यादांकडे. उत्तरे वेगळी आली, तर चूक कोणाची? निबंधकारांचा निकष बहुमताचा आहे. चार कंपायलर एक उत्तर देतात आणि पाचवा वेगळे, तर संशयित पाचवा. निबंधकार सांगतात की बहुसंख्य कंपायलरांनी मिळून एकच चुकीचे उत्तर दिले, असा प्रसंग त्यांच्या पाहण्यात आला नाही. त्यांची साक्ष प्रामाणिक आहे, आणि सापडलेल्या दोषांबाबत शंका घेण्याचे कारण नाही. प्रत्येक दोष पुढे प्रमाणकाशी ताडून पाहता येतो, आणि कंपायलरकर्त्यांनी बहुतेक तक्रारी मान्य केल्या आहेत.

अडचण न सापडलेल्या दोषांची आहे. सर्व कंपायलर एकाच प्रकारे चुकले, तर ताळे जुळतील आणि सीस्मिथ पुढच्या आज्ञावलीकडे वळेल. असा प्रसंग या पद्धतीला दिसणेच शक्य नाही. म्हणून 'तो आढळला नाही' या वाक्याला मर्यादितच अर्थ आहे. निबंधकार ही शक्यता नाकारत नाहीत, परंतु तिचे वजन ते हलके धरतात असे मला वाटते.

वर्गातील एक प्रसंग आठवा. पाठ्यपुस्तकात एक सूत्र चुकीचे छापले गेले. चाळीस मुलांनी ते पाठ केले आणि चाळीसही उत्तरे तंतोतंत जुळली. या जुळण्याला काय किंमत? साक्षीदार किती यापेक्षा ते एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत, हे महत्त्वाचे.

या बाबतीत एक जुना प्रयोग बोलका आहे. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी १९८६ साली तो प्रसिद्ध केला. व्हर्जिनिया विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची अर्वाइन येथील शाखा यांतील विद्यार्थ्यांनी एकाच वर्णनावरून, एकमेकांशी न बोलता, एकाच कामाच्या २७ आज्ञावल्या लिहिल्या. त्यांवर दहा लाख चाचण्या घेतल्या. एकेकटी आज्ञावली क्वचितच चुकत होती. पण अनेक आज्ञावल्या एकाच चाचणीवर एकत्र चुकण्याचे प्रसंग, चुका स्वतंत्र असत्या तर जितके दिसले असते, त्यापेक्षा खूपच अधिक निघाले. कारण उघड आहे. अवघड जागा सर्वांनाच अवघड असते. कंपायलर लिहिणारेही एकच प्रमाणक वाचतात, तीच पुस्तके अभ्यासतात, एकमेकांच्या युक्त्या उचलतात. त्यांच्या चुका पूर्णपणे स्वतंत्र असतील असे धरणे धाडसाचे आहे.

या अडचणीतून अंशतः सुटण्याचा एक सुंदर मार्ग २०१४ साली वू ले, मेहरदाद अफशारी आणि झेनडाँग सू यांनी दाखवला. हे तिघे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतले. त्यांची कल्पना अशी: एक आज्ञावली विशिष्ट माहिती देऊन चालवा आणि तिच्या कोणत्या ओळी प्रत्यक्षात चालल्याच नाहीत ते टिपा. आता न चाललेल्या ओळींपैकी काही यदृच्छेने काढून टाका. त्याच माहितीसाठी नव्या आज्ञावलीचे उत्तर पूर्वीचेच यायला हवे, कारण काढलेल्या ओळींना त्यात स्थानच नव्हते. मात्र कंपायलरच्या दृष्टीने ही आज्ञावली निराळी असते. कोणत्या ओळी चालणार हे त्याला भाषांतराच्या वेळी ठाऊक नसते, त्यामुळे तो वेगळ्या काटकसरी करतो. उत्तर बदलले, तर कंपायलर स्वतःशीच विसंगत बोलला. दुसऱ्या कंपायलरची गरजच नाही. तीच हकीकत वेगवेगळ्या शब्दांत विचारून एकाच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी, तसे हे आहे. अकरा महिन्यांत त्यांनी जीसीसी आणि एलएलव्हीएममधील १४७ निरनिराळे, मान्य झालेले दोष शोधले. त्यांत गुपचूप चुकीच्या भाषांतराचे दोष बहुसंख्य होते. आधीचा निबंध प्रसिद्ध होऊन तीन वर्षे झाल्यावरही हे दोष तेथे होतेच, हे लक्षात घ्यावे.

जे विचारलेच नाही

दुसरी मर्यादा प्रश्नपत्रिकेच्या व्याप्तीची. निबंधातील सीस्मिथ अपूर्णांकी संख्या वापरतच नव्हते. अक्षरमाला, स्वतःला पुन्हा बोलावणारी कार्ये आणि चालू असताना मागून घेतलेली स्मृती यांनाही त्यात जागा नव्हती. निबंधकारांनी ही यादी स्वतः दिली आहे, त्यामुळे लपवाछपवीचा आरोप करता येणार नाही. पण माझ्यासारख्या वैज्ञानिक गणिते करणाऱ्याचे जवळजवळ सारे काम अपूर्णांकी संख्यांतच चालते. हवामानाचे प्रारूप असो की रेणूची रचना, त्या गणितांबद्दल हा निबंध मौन पाळतो. तेथे प्रश्न अधिक बिकटही आहे. बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचे अंक बदलतात. तेव्हा कोणता फरक दोष मानायचा आणि कोणता नाही, हेच आधी ठरवावे लागते.

तिसरी गोष्ट संरक्षक कवचांची. ज्या दक्षतेचे मी वर कौतुक केले, तिचीच ही किंमत आहे. प्रत्येक बेरजेभोवती कवच असलेली आज्ञावली माणूस लिहीत नाही. 'बेरीज मावतेच' असे धरून कंपायलर ज्या काटकसरी करतो, त्यांना या कवचांमुळे वावच मिळत नाही. मग त्या काटकसरींतले दोष सापडणार कसे? ही केवळ तर्कातली शंका राहिली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'यार्पजेन' या नव्या साधनाने कवचांशिवाय, आज्ञावली रचतानाच प्रत्येक किंमत हिशेबात धरून, संदिग्धता टाळली. त्याने जीसीसी, एलएलव्हीएम आणि इंटेलचा कंपायलर मिळून २२०हून अधिक दोष शोधले. विशेष म्हणजे त्याच्या कर्त्यांत जॉन रेगेरही आहेत. आपल्याच पद्धतीची उणीव ओळखून ती स्वतः भरून काढणे हे चांगल्या वैज्ञानिक वृत्तीचे लक्षण आहे.

आकड्याचा अर्थ

आता त्या प्रसिद्ध आकड्याविषयी. ३२५ दोष सापडले, यावरून किती उरले ते कळत नाही. शंभर पानांच्या वहीत तीस चुका सापडल्या, तर वही सुधारली म्हणायचे की मुळातच फार वाईट होती म्हणायचे? केवळ आकड्यावरून दोन्ही अर्थ निघतात. शिवाय या आकड्यात कंपायलर बंद पडण्याचे दोष आणि गुपचूप चुकीच्या भाषांतराचे दोष एकत्र आहेत. वापरणाऱ्याच्या दृष्टीने दोहोंत महदंतर आहे.

निबंधातील एक निष्कर्ष या आकड्यापेक्षा मोलाचा आहे, पण तो फारसा सांगितला जात नाही. कंपायलरच्या नेहमीच्या चाचण्यांत त्याच्या जितक्या ओळी वापरल्या जात होत्या, त्यांत सीस्मिथच्या आज्ञावल्यांमुळे जवळजवळ काहीच भर पडली नाही. तरीही दोष मात्र शेकड्यांनी सापडले. म्हणजे 'प्रत्येक ओळ एकदा तरी तपासली' या समाधानाला फारसा अर्थ नाही. सर्व धड्यांवर एकेक प्रश्न विचारला म्हणजे विषय समजला की नाही ते कळले, असे आपण मानत नाही. दोन धड्यांची सांगड घालणारा प्रश्न विचारला, की खरी परीक्षा होते. कंपायलरमध्येही एका काटकसरीचा दुसरीशी मेळ बसतो की नाही, तेथेच बहुधा घोळ असतो.

मग या दोषांचा प्रत्यक्ष उपद्रव किती? लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ साली हा प्रश्न विचारला. एलएलव्हीएममधील ४५ जुने चुकीच्या भाषांतराचे दोष त्यांनी डेबियन लिनक्सच्या ३०९ आज्ञासंचांवर तपासले. यांत्रिक साधनांनी शोधलेल्या दोषांपैकी जवळजवळ निम्म्यांचा ठसा निदान एका संचाच्या यंत्रभाषेत उमटला होता, पण संचाचा अगदी लहान भाग बाधित झाला होता, आणि त्या संचांच्या स्वतःच्या चाचण्यांत केवळ दोन अपयशे दिसली. यावरून काहींना वाटेल की चिंतेचे कारण नाही. मला तसे वाटत नाही. चाचणीत दिसले नाही याचा अर्थ बाधा नाही असाही होतो, किंवा चाचणी तोकडी होती असाही होतो. मात्र सर्व कंपायलर बेभरवशाचे आहेत असा कांगावा करायलाही यात आधार नाही.

उलट बाजूचा पुरावा याच निबंधात आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रान्समधील झाव्हिए लेरॉय यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या 'कॉम्पसर्ट' या कंपायलरचा मधला टप्पा केवळ चाचण्यांवर विसंबून नाही. त्यातील प्रत्येक बदल अर्थ टिकवून ठेवतो, याची यंत्राने तपासलेली गणिती सिद्धता त्याच्यासोबत आहे. सीस्मिथने त्यावर प्रक्रियकाची सुमारे सहा वर्षे भरतील एवढे काम केले. दोष सापडले, पण सिद्धता नसलेल्या भागांत. सिद्ध केलेल्या मधल्या टप्प्यात चुकीचे भाषांतर आढळले नाही. इतर कंपायलरांत जो टप्पा सर्वांत दोषग्रस्त, तोच येथे निर्दोष निघाला. चाचणी आणि सिद्धता यांचे नाते यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग माझ्या माहितीत नाही. सिद्धता कोठवर पोहोचते आणि कोठे संपते, ते चाचणीने दाखवून दिले.

वर्गासाठी

हा विषय शिकवायला संगणक लागत नाही. ४७ × ३६ हा गुणाकार तीन मुलांना तीन रीतींनी करायला सांगा. एकाने उभी मांडणी करावी. दुसऱ्याने ५० × ३६ मधून ३ × ३६ वजा करावेत, म्हणजे १८०० मधून १०८. तिसऱ्याने नवाचा ताळा घ्यावा. उत्तर १६९२ येईल आणि ताळाही जुळेल. मग फळ्यावर मुद्दाम १६२९ लिहा आणि ताळा पुन्हा घ्यायला सांगा. तोही जुळेल, कारण अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसतच नाही. प्रत्येक ताळ्याला काही चुका दिसतात आणि काही दिसत नाहीत, हे मुलांच्या ध्यानात येईल. त्यानंतर ६ ÷ २(१+२) विचारा आणि वाद होऊ द्या. प्रश्नच संदिग्ध असू शकतो, हे त्यांना आपोआप उमगेल.

युटाच्या निबंधाविषयी माझा निवाडा असा. प्रश्न निर्दोष काढण्यात त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. बहुमताच्या निकषाला निम्मे गुण द्यावेत, आणि ३२५ या आकड्याला वेगळे गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याला मी आजही हेच सांगेन, की आधी आपली आज्ञावली वाच. पण त्याने ती वाचली, प्रश्न संदिग्ध नाही याची खात्री केली, आज्ञावली छाटत छाटत दहा ओळींवर आणली आणि तरीही दोन उत्तरे वेगळी आली, तर मी त्याला दटावणार नाही. त्याच्या शेजारी बसून त्या दहा ओळी प्रमाणकाशी ताडून पाहीन. कंपायलरही माणसांनीच लिहिलेला असतो.